गुरुपादय्याचा सांगावा

प्रोग्रेसो बंदर, मेक्सिको
१३ जानेवारी १९८५

अण्णा, जयभीम.

तिकीट परदेशी आणि अक्षर माझं, एवढं दिसल्यावर तुम्ही पाकीट न फोडता कपाटावर टाकाल, हे मला ठाऊक आहे. फोडतील त्या वैनी. तर कोंडावैनी, अण्णा शाळेतून आले की त्यांच्या कानावर घाला. नाही ऐकलं तर मायला तरी वाचून दाखवा. मायला सांगा, मी जाडा झालोय.

चार वर्षांत मी लिहिलं नाही, तुम्हीही लिहिलं नाही. भांडण उकरायला बसलेलो नाही. इथं करायला काही उरलेलं नाही, म्हणून लिहितोय.

आमचं जहाज बंद पडलंय. खताची पोती घेऊन आलो, माल उतरवला आणि इंजिन बसलं. मालक नेमका कुठल्या देशाचा ते आम्हांला आधीही नीट माहीत नव्हतं, आता तो तारेला उत्तरही देत नाही. कप्तान ‘आठवड्यात येतो’ म्हणून विमानानं गेला, तो गेलाच. बंदरवाल्यांनी जहाजावर कागद डकवलाय, की हे हलवायचं नाही. किनारा समोर दिसतो, पण आम्हांला या देशात राहायचा परवाना नाही. समुद्रात जावं तर इंजिन नाही. गावाकडं पाऊस लांबला की माणसं पारावर नुसती बसून असतात, उठून जायचंही सुचत नाही, तसं आमचं झालंय. फक्त पार लोखंडाचा आहे आणि तापतो लई.

मी अजून भंडारीच, म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. तुम्हांला ते काम कधी आवडलं नाही. आता तर शिजवायलाही फारसं नसतं. फादर एस्तेबान म्हणून इथले एक पाद्री आहेत, चर्चची गाडी घेऊन धक्क्यावर येतात आणि काळा घेवडा, मक्याचं पीठ, कधी केळी देऊन जातात. त्यांना इंग्रजी येतं, त्यामुळं बोलणं होतं. इथली माणसं मका चुन्याच्या पाण्यात उकडून पाट्यावर वाटतात आणि हातावर थापून भाकरी करतात. मी तशी करून बघितली. ज्वारीची चव नाही, पण थापल्याचा आवाज आपल्यासारखाच येतो. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून गुरुपादय्या इंजिनखोलीतून वर आला आणि दारात उभा राहिला.

हो, तोच. हुमनाबादचा. नाव वाचून कागद फाडू नका. तो माझ्याच जहाजावर आहे, इंजिनाला तेलपाणी करतो. करायचा. बरा आहे. हल्ली जेवतो कमी, पण इथं पोटभर कोण जेवतंय?

तुमच्याकडं काही मागत नाही. तूर काढली असेल. मायचे गुडघे कसे आहेत तेवढं कळवलंत तर बरं.

पिराजी


११ फेब्रुवारी १९८५

अण्णा,

तुमचं पत्र आलं नाही. टपाल इथून तिकडं पोचायलाच तीन-चार आठवडे लागतात, म्हणून मी अजून तुम्हांला दोष देत नाही.

काल एक जागा बघून आलो. वर्गात पोरांना सांगायला तुमच्या उपयोगी पडेल, म्हणून लिहितो. फादरनी बंदरातल्या साहेबाकडून एका दिवसाची परवानगी काढली. म्हणाले, समुद्र बघून बघून तुमचे डोळे खराब झालेत, चला, दगड दाखवतो. निम्मी माणसं आलीच नाहीत. कशाला हलायचं, म्हणाली. माझंही मन नव्हतं. पण गुरुपादय्या म्हणाला, ‘जाऊ की रं,’ म्हणून उठलो.

गावाचं नाव उश्माल. म्हणजे आता गाव नाही, नुसते अवशेष. माया म्हणून इथले जुने लोक, त्यांचं हे शहर. या मुलखात जमिनीवर नदी नाही, ओढा नाही. पातळ माती, खाली सगळा चुनखडीचा दगड. पावसाचं पाणी साठवायला त्यांनी जमिनीत मोठमोठे रांजण कोरलेले. रान आपल्या बीदरच्या माळासारखंच खुरटं, आणि त्यातून एकदम देवळं वर येतात. एक तर डोंगराएवढं. कडा गोलसर आणि पायऱ्या इतक्या उभ्या, की चढायला वरून साखळी सोडलीय. फादर म्हणाले, इथले लोक सांगतात, अंड्यातून जन्मलेल्या एका बुटक्या माणसानं हे एका रात्रीत बांधलं. मी मनात म्हटलं, व्हय, दगड दुसऱ्यांनी वाहिले असतील, नाव बुटक्याचं झालं.

भिंती बघण्यासारख्या. सगळीकडं पाऊसदेवाचं तोंड कोरलंय, एकावर एक, ओळीनं. नाक सोंडेसारखं लांब आणि वळलेलं. गुरुपादय्या म्हणाला, ‘आपला गणपतीच की.’ मी म्हटलं, ‘तुमचा.’ तो हसला. पुष्कळ दिवसांनी हसला. दगडांवर मोठ्या घोरपडी ऊन खात पडलेल्या, माणूस जवळ गेला तरी हलत नाहीत. मला त्यांचा हेवा वाटला.

पाऊस पडावा म्हणून एवढी तोंडं घडवली आणि शेवटी ते लोक शहर सोडून निघून गेले. का गेले, ते नक्की कुणाला माहीत नाही. तुम्ही असता तर फादरना शंभर प्रश्न विचारले असते. मला एकही सुचला नाही. पाय दुखत होते आणि एवढं मोठं बांधून टाकून जाणाऱ्या माणसांचा थोडा रागच आला.

गुरुपादय्याला ते मोठं देऊळ चढायचं होतं. साखळी धरून थोडं वर गेला आणि पायरीवर मटकन बसला. मी मागून होतोच.

‘पिऱ्या, बस की. दम लागायलाय.’

‘खाली उतरू या का?’

‘नगं. हितंच बसू. वारं हाय.’

बसलो. खालून फादर हात हलवत होते. उन्हात त्याचे डोळे पिवळे दिसले. आधीच्या पत्रात मी तो बरा आहे असं लिहिलं होतं. तसा तो तेव्हाही नव्हता. जहाजाच्या टाकीतलं पाणी गढूळ झालंय, मी उकळून देतो, पण इंजिनखोलीत तो नळाचंच प्यायचा.

‘हे लोक हितनं गेले कामून?’ त्यानं विचारलं.

‘पाणी सरलं असंल.’

‘पान्यापायी एवढं गाव टाकत्यात व्हय?’

‘पान्यापायी काय काय व्हतंय ते तुला ठाव न्हाई, गुरुपादा. आमाला इचार.’

हे मी बोलायला नको होतं, पण बोललो. साखळीचा गंज त्याच्या तळहाताला लागला होता, तो चोळत बसला. मग म्हणाला, ‘त्या दिवशी मला उपास नव्हता.’

कुठला दिवस ते तुम्हांला सांगायला नको. सुट्टीवर होतो, त्याला कमठाण्याला घरी घेऊन आलो होतो. मायनं त्याच्यापुढं चहा ठेवला आणि त्यावर साय धरली तरी त्यानं कप उचलला नाही. उपास आहे म्हणाला. तुम्ही म्हणालात, ‘आज कुठला वार? कुठल्या देवाचा उपास, सांगा की.’ मग कप उचलून अंगणात फेकलात आणि मला म्हणालात, ‘याला घेऊन जा. तुलाबी जायचं असंल तर जा.’ मी गेलो.

‘मला ठाव हाय,’ मी म्हटलं.

‘तुझ्या अण्णालाबी ठाव होतं.’

‘व्हय.’

‘मंग इतकी वर्सं तू मला बोलला कामून न्हाईस?’

काय बोलणार? जहाजावर तो त्या दिवसाच्या आधीपासून रोज माझ्या हातचं जेवतो. सुरुवातीला वर्षभर खाली स्वतःचा भात वेगळा शिजवायचा. मग एकदा वादळात त्याची चूल विझली आणि तो ताट घेऊन माझ्यापुढं आला, तेव्हापासून पुन्हा कधी वेगळं शिजवलं नाही. मी त्याचं कारण विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

‘समुद्रावर मी कोन ते मला कळतंय,’ तो म्हणाला. ‘तिकडं वेशीच्या आत पाय टाकला की हात आखडतोय. त्या दिवशी कप समोर होता, मायनं दिलेला, आन् हात उचलंना. माझी माय बघायलीय असं वाटलं. ती तर हुमनाबादला होती.’ मग म्हणाला, ‘तुझ्या घरी मी आलो. माझ्या घरी तुला कधी नेलं न्हाई. तेबी तू बोलला न्हाईस.’

मी म्हटलं, ‘चल, उतरू. ऊन वाढायलंय.’

एवढंच झालं. माफी वगैरे त्यानं मागितली नाही आणि मी काही दिली नाही. अण्णा, तुमचा राग जावा म्हणून हे लिहीत नाही. तुमचं खरं होतं, हे त्याच्या तोंडून निघालं, ते तुमच्यापर्यंत पोचवावंसं वाटलं.

परत निघताना फादरनी झाडीतला एक उंचवटा दाखवला. म्हणाले, या मुलखात असे उंचवटे उकरले तर थडगी निघतात, आणि काहींत मेलेल्या माणसाला गुडघे छातीशी घेऊन बसवलेलं असतं. मी ते सांगितलं तर गुरुपादय्या गाडीत चढता चढता थांबला. ‘नीट इचार. बसवून?’ मी पुन्हा विचारलं. फादर म्हणाले, हो, बसवून. ‘आमच्यासारखंच की,’ तो म्हणाला आणि बंदरापर्यंत तेवढ्यावरच खूश होता. तुम्हांला माहीतच आहे, त्याच्या लिंगायतांत, त्यातून तो जंगम, मेलेल्याला आडवं करत नाहीत. मांडी घालून बसवतात, हातावर लिंग ठेवून.

आज तो उठला नाही. फादर डॉक्टर घेऊन येणार आहेत.

पिराजी


९ मार्च १९८५

अण्णा,

गुरुपादय्या गेला. कावीळ पोटात उतरली. दवाखान्यात त्यांनी जे करायचं ते सगळं केलं. मी जवळ होतो.

त्याला इथंच मातीत ठेवलं. कुठं, कसं, ते विचारू नका. झालं.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते लिहितो. तीन कागद फाडून हा चौथा घेतलाय. तुम्ही चिडणार, आणि तुमचं चिडणं बरोबर असणार. तरी शेवटपर्यंत वाचा.

हुमनाबादला त्याची माय आहे, चन्नव्वा. बायको बाळंतपणात गेली, मूल राहिलं नाही. भाऊ नाही. एक बहीण आळंद्याकडं दिलेली. म्हातारीला अजून काही माहीत नाही. मालकाचा पत्ता नाही, मग कोण कळवणार? आपली वकिलात इथून हजार मैलांवरच्या शहरात आहे. त्यांचा कागद कधीतरी इंग्रजीत निघेल, आणि तो गल्लीतला कुणीतरी दारात उभा राहून तिला मोठ्यानं वाचून दाखवेल. गुरुपादय्याला तेच नको होतं. शुद्धीवर होता तेव्हा म्हणाला, ‘माझ्या मायला कागूद येऊ नगं. मानसानं जाऊन सांगावं.’ मी म्हटलं, कोण जाईल? तर म्हणाला, ‘तुझा अण्णा.’

मी म्हटलं, खुळा झालास काय? ते तुझं नाव काढू देत न्हाईत.

तो म्हणाला, ‘म्हनून तर. मला तोंडावर खरं बोलनारा तेवढाच एक मानूस भेटला. ते सांगतील ते माझ्या मायला खरं वाटंल.’

अण्णा, मी काय मागतोय हे मला कळतं. गावात कुणी मेलं की आपल्या बानं काठी घेऊन अनवाणी निघायचं, मुडबीला, हुमनाबादला, जिथं सोयरे असतील तिथं, आणि अंगणाबाहेर उभं राहून ओरडून सांगायचं, अमका गेला. मी लहान होतो, मला ते अंधुक आठवतं. तुम्ही मोठे होतात, बोट धरून बरोबर गेला होतात. छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि त्याच हिवाळ्यात पाटलाच्या घरी मयत झाली. बा म्हणाला, मी सांगावा नेणार नाही, तुमचे पाय तुम्ही चालवा. मग दुकानदारानं मीठसुद्धा दिलं नाही, आणि उन्हाळा लागेपर्यंत माय अंबाडीचा पाला नुसता उकडून वाढायची. तेव्हापासून तुम्ही कुणाच्या मयताची खबर तोंडानं दिली नाही. आपली आत्या गेली तर मामांना तार केलीत. मला सगळं ठाऊक आहे आणि तरी मी तुम्हांला हुमनाबादला जा म्हणतोय. तेही त्याच्यासाठी, ज्यानं आपल्या मायचा चहा घेतला नाही.

हे हुकमानं नाही. तुम्ही गेला नाहीत तर मी तुम्हांला काही म्हणणार नाही. मी स्वतः गेलो असतो, पण मी इथं या लोखंडावर बसलोय.

पत्ता असा: हुमनाबादला वीरभद्राच्या देवळामागची गल्ली, चन्नव्वाचं घर, दारात कडुनिंब. त्यानं सांगितला तसा लिहिला. मी ते घर बघितलेलं नाही.

मी लई दमलोय, अण्णा. सकाळी उठून चूल पेटवतो आणि किती माणसांचं करायचं ते क्षणभर आठवतच नाही.

पिराजी


२ मे १९८५

अण्णा,

तुमचं पत्र काल मिळालं. फादरनी आणून दिलं. मी ते घेऊन जहाजाच्या टोकाला जाऊन बसलो. चार वर्षांनी तुमचं अक्षर बघितलं. काना-मात्रा अजून तशाच सरळ.

तुमच्यापुढं राहावा म्हणून तुमच्या पत्रातला मजकूर मी इथं पुन्हा उतरवतोय. आणि खाली मला जे लिहायचंय, ते त्याच्याशेजारीच असलेलं बरं.

तुम्ही लिहिलंय:

‘पत्र वाचून मी ते अंगणात फेकलं. मायनं उचलून आणलं. चार दिवस ते कपाटावर पडून होतं. रविवारी बीदरहून बस धरली आणि हुमनाबादच्या तिठ्यावर उतरलो. ढाब्यांपुढं लॉऱ्यांची रांग लागलेली होती, तिथं एकाला वाट विचारली. घर सापडलं. दार उघडं होतं. बा असल्या घरांच्या अंगणाबाहेर उभा राहून ओरडायचा आणि मी त्याच्या मागं उभा असायचो, ते सगळं पायांना आठवलं. मी चप्पल काढली, ओसरीवर चढलो आणि बसलो. कुणाला विचारलं नाही.

‘म्हातारी तूर पाखडत होती. कोण म्हणून विचारलं. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, आम्ही बौद्ध आहोत हेही सांगितलं. मग जे सांगायला गेलो होतो ते सांगितलं. इतकी वर्षं शाळेत कानडी बोलतोय, पण हे वाक्य त्या भाषेत कधी लागलं नव्हतं, जुळवायला वेळ लागला. तिच्या हातचं सूप कललं आणि तूर खाली सांडली. ती एकेक दाणा गोळा करत राहिली. रडली नाही. मग विचारलं, “बसवलं का त्याला? का परक्या मुलखात आडवं टाकलं?”

‘पिराजी, तू ते लिहिलं नव्हतंस. मला माहीत नव्हतं. परक्या देशात पेटीत घालून आडवंच पुरलं असणार, असंच मला वाटत होतं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणालो, बसवलं. मांडी घालून बसवलं. हातावर लिंग होतं. तेव्हा ती रडली.

‘गल्लीतली माणसं जमली. एकानं मला “तू कोण” म्हणून दरडावलं. म्हातारीनं रडता रडताच त्याला हातानं गप्प केलं. पलीकडच्या गल्लीतून तिची म्हातारी बहीण येईपर्यंत मी तिथंच बसून होतो. पाण्याचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. परत आलो.

‘पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला माझा आवाज निघाला नाही. खोटं बोलणार नाही, हे मीच पोरांना शिकवलेलं. सगळे माझ्याकडं बघत होते. बानं टाकलेलं काम मी तुझ्यासाठी केलं, त्याचं मला एवढं वाटत नाही. पण या वयात तू मला खोटं बोलायला लावलंस.’

अण्णा, तुम्ही खोटं बोलला नाहीत.

गुरुपादय्याला बसवलंय. मांडी घालून, हातावर लिंग ठेवून. त्याच्या ट्रंकेत विभूतीची वडी होती, ती मी त्याच्या कपाळाला लावली. मंत्र मला येत नाहीत. मला येतं ते त्रिशरण, तेच म्हटलं.

फादरनी पेटी आणली होती. त्यांच्या बिचाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी त्यांना म्हटलं, आडवा नको. ते म्हणाले, इथं तशी पद्धत नाही, दफनभूमीचा माणूस कबूल होणार नाही. मी म्हटलं, तुम्हीच त्या दिवशी दाखवलंत ना, इथले जुने लोक बसवायचे? इथल्या मातीला काही नवं नाही. मग फादरनी किनाऱ्यापासून आत, त्यांच्या जुन्या गावच्या दफनभूमीत एका कोपऱ्यात जागा मिळवून दिली. म्हणाले, खणायला मात्र माणूस मिळणार नाही, दगड आहे.

मी खणलं, अण्णा.

हे तुमच्यापासून लपवलं. ‘कसं ते विचारू नका’ असं लिहिलं ते यासाठीच. माती हातभर, खाली चुनखडी. जहाजावरची पहार नेली होती, ती दगडावर आपटून उडायची आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या यायच्या. बसवायचं म्हणजे खोल खणावं लागतं. दुपारपर्यंत मी एकटाच होतो. मग आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, दोन खलाशी घेऊन आला आणि त्यानं माझ्या हातातली पहार घेतली. थोड्या वेळानं मी ती परत घेतली.

लपवलं, कारण तुम्ही म्हणाल, बानं सांगाव्याबरोबर मढ्याचे खड्डे खणायचंही टाकलं, आणि हा परमुलखात जाऊन जंगमाचा खड्डा खणत बसला. मला स्वतःलाही ते दिवसभर टोचत होतं. पहार मारायचो आणि बा दिसायचा. एकदा थांबलो, पहार टाकली, झाडाखाली जाऊन बसलो. मनात आलं, आडवाच राहू दे. त्याला आता काय कळणार? त्यानं तरी आपल्या मायचं मन कुठं राखलं? सारंग लांब बिडी ओढत बसला होता. कुणी मला ‘ऊठ’ म्हणालं नाही. कुणी ‘हे तुझंच काम’ म्हणालं नाही. बराच वेळ तसाच बसलो, आणि मग उठलो.

बाला हे पटलं असतं का, मला सांगता येत नाही. तुम्ही त्याच्याबरोबर चाललेले आहात, तुम्हांला येईल. भेटलो की सांगा. वाईट असलं तरी सांगा.

येत्या पौर्णिमेला चौथं शील मोठ्यानं म्हणा.

इकडं एवढं झालं, की वकिलातीचा माणूस शेवटी आला आणि आमची विमानाची तिकिटं निघाली. जहाज इथंच गंजणार. पुढच्या महिन्यात मुंबईला उतरेन. तिथून हैदराबादची एस. टी. धरतो, ती हुमनाबादच्या तिठ्यावर थांबते. निघायच्या आधी तार करतो. कमठाण्याला यायच्या आधी मला तिथं उतरायचंय. गुरुपादय्याची ट्रंक माझ्याजवळ आहे. दोन धोतरं, एक स्वेटर, दाढीचं सामान. ती म्हातारीला द्यायची. ती माझ्याकडं बघून पुन्हा सगळं विचारेल, माती कशी होती, झाड होतं का, तोंड कुठल्या दिशेला होतं. आता सगळं खरंच सांगायचंय, तरी एकट्यानं जायचा धीर होत नाही.

ते दार तुम्हांला माहीत आहे, अण्णा, मला नाही. तिठ्यावर या.

तुमचा
पिराजी